नियम सगळ्यांना एकच

चिंताकीत पिराप्पाला सगळे हवालदारअण्णा म्हणत. खरं तर तो हवालदार कधी झालाच नाही, साधा शिपाई म्हणूनच घरी आला. पण गावानं एकदा बढती दिली की ती सरकारलाही काढून घेता येत नाही. निजामाच्या राज्यात तो हैदराबादच्या राखीव पोलिसांत लागला आणि तिथं बटालियनच्या फुटबॉल टीममध्ये डाव्या बाजूला बॅक म्हणून खेळला. पुढं राज्याचे तुकडे झाले, आमचा भाग म्हैसूरकडं गेला, पिराप्पाची बदली बिदरला झाली. तिथं एका मॅचमध्ये गुडघा निखळला तो निखळलाच. नोकरी सोडून तो गावी आला तेव्हा धनगरवाड्यातल्या भावकीला वाटलं, आता हा मेंढरं सांभाळील. यानं गावातली अकरा पोरं गोळा केली.

गावाबाहेर तांबड्या मातीचा माळ होता. बाभळीचे खांब रोवून त्यानं गोल उभे केले आणि शिट्टी गळ्यात अडकवली. पोरं कशी, तर एक पाटलाचा पुतण्या श्रीपत, एक परटाचा मडिवाळप्पा, दोन मुसलमानांची, चार धनगरांची, असा सगळा काला. अशा पोरांना एका दोरीत बांधायचं म्हणजे नियम हवा आणि नियम सगळ्यांना एकच हवा, हे पिराप्पाचं ब्रीद. हैदराबादला त्यांचा एक जमादार होता. त्यानं बटालियनचा सगळ्यात भारी फॉरवर्ड उलट बोलला म्हणून ऐन मॅचला बाहेर बसवला होता. ती गोष्ट पिराप्पा इतक्या वेळा सांगे की पोरांना जमादाराच्या मिशासुद्धा पाठ झाल्या होत्या.

त्याचा सगळ्यात गाजलेला नियम दवंडीचा. गावात मॅच असली की आदल्या दिवशी सरावाला जो उशिरा येईल, त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी घासलेटचा रिकामा डबा बडवत गावभर फिरायचं आणि ओरडायचं, "ऐका हो ऐका, आज चार वाजता माळावर फुटबॉलची मॅच हाय हो!" पहिल्यांदा ही पाळी श्रीपतवर आली. पाटलाचा पुतण्या डबा बडवतोय म्हटल्यावर बायका कामं टाकून दारात आल्या. खुद्द उद्धवराव पाटील ओट्यावर पोट धरून हसले. एकदा बसच्या पायी पिराप्पालाच उशीर झाला, तेव्हा त्यानंही गुमान डबा उचलला. त्या दिवसापासून पोरं त्याच्या शब्दाबाहेर गेली नाहीत.

एक नरसिंग सोडून.

नरसिंग रामरावाचा धाकटा. बौद्धवाड्यातला पोरगा, अंगानं काटकुळा, आणि डावा पाय असा की चेंडू त्याला चिकटून चालायचा. उदगीरला कॉलेजात जायचा. पिराप्पानं आपले हैदराबादचे जुने बूट त्याला दिले होते, पुढं चिंध्या कोंबून तो ते घालायचा. अशा पोराला नियम शिकवणं म्हणजे वाऱ्याला दावं लावणं. रोज उशिरा यायचा. पिराप्पा मातीत काडीनं रेघा ओढून कुणी कुठं धावायचं ते समजावून सांगत असला की हा आभाळाकडं बघत बसायचा.

"नरश्या, कुणीकडं बघायलास?"

"चेंडूला ठावं हाय अण्णा, कुठं जायचं त्ये," असं म्हणून हसायचा. ते हसणं असं काही असायचं की पिराप्पाला राग धरून ठेवता यायचा नाही. घरी जेवताना तो बायकोला, बाणूबाईला, रोज नरसिंगचीच तक्रार सांगे. ती म्हणे, "बाकी दहाजण न्हाईत का? एकाचंच नाव कामून घेतावं रोज?" पिराप्पा भाकरी मोडत राहायचा. त्या पोरावर त्याचा जीव होता, आणि त्याला ते कबूल करायचं नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्यानं बघून न बघितल्यासारखी केली. रोज उशिरा येणारा नरसिंग मॅचच्या आदल्या दिवशी कधीच उशिरा आला नव्हता. त्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी माळावर येऊन बसलेला असे. पिराप्पाला वाटे, लहरी कार्टं आहे. शहाण्या माणसाला इतकं दिसत असून समजू नये, याचा मला आजही राग येतो.

एकोणसत्तर सालच्या दिवाळीनंतर आसपासच्या गावांच्या टूर्नामेंटमध्ये चिंताकी फायनलला गेली. सेमीफायनल कमलनगरला झाली होती. एक गोल वर होते, वेळ थोडा उरला होता, पिराप्पा बाहेरून ओरडत होता, "नरश्या, मागं ये! मागं!" नरसिंगनं त्याच्याकडं न बघता हात झटकला, चेंडू घेऊन तिघांना चकवलं आणि दुसरा गोल मारला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. परत येताना जीपमध्ये कुणीतरी म्हणालं, "टीम नरसिंगची हाय. हवालदारअण्णा नुसते शिट्टीला." सगळे हसले. पिराप्पाही हसला, पण ते वाक्य त्याच्या काळजात रुतून बसलं.

फायनल चिंताकीतच होती, भालकीच्या टीमबरोबर. आदल्या दिवशी सरावाला दहा पोरं वेळेवर आली. नरसिंग नव्हता. दिवस कलला तरी नाही. सराव संपत आला तेव्हा माळाच्या टोकाला तो पळत येताना दिसला. उदगीरची बस वाटेत बंद पडली होती आणि महाराष्ट्राच्या सरहद्दीपासून तो पायी, निम्मा पळत आला होता. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला, केसांत धूळ, तोंडातून शब्द फुटेना.

"बस..." एवढंच म्हणाला.

श्रीपत बाजूला उभा होता. तो सहज बोलल्यासारखा म्हणाला, "अण्णा, तुमाला बी तवा बसनंच उशीर झाल्ता. नियम काय आमालाच हाय का?"

श्रीपतला सगळं ठाऊक होतं. तो त्या गावचाच होता. पिराप्पाही गावचाच, पण ज्या वर्षांत गाव बदललं, त्या वर्षांत तो बिदरला होता. त्यानं सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. दहाही पोरं त्याच्याकडं बघत होती. जीपमधलं ते वाक्य त्याला पुन्हा ऐकू आलं. तो गेला, गोलच्या खांबाजवळ पडलेला डबा उचलला आणि नरसिंगपुढं धरला.

"उद्या सकाळी दवंडी तुजी."

नरसिंगचं हसू मावळलं. तो डब्याकडं बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, दुसरं काय बी सांगा. माळाला अंदार पडूस्तोर चकरा मारतो. सगळ्यांचे कपडे धुतो. ह्ये न्हाई."

"श्रीपतनं केली. म्या केली. तुला काय सोनं लागलंय?"

"तुमी केलं त्ये येगळं, अण्णा."

"कामून येगळं?"

नरसिंगनं त्याच्याकडं बघितलं. त्या नजरेत गुर्मी नव्हती, विनवणी होती, आणि पिराप्पाला ती दिसली. त्या क्षणी पोराला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला असता तर सगळं निभावलं असतं. पण दहाजण बघत होते.

"नियम सगळ्यांना एकच," तो म्हणाला. "दवंडी द्यायची नसंल तर उद्या खेळायचं न्हाई."

नरसिंग खाली बसला, बूट सोडले, धूळ झटकून एकाला एक लावून पिराप्पाच्या पायाशी ठेवले आणि अनवाणी निघून गेला. मग श्रीपत म्हणाला, "आज तुमी खरे हवालदार शोभलात, अण्णा." आणि सांगायला लाज वाटते, पण पिराप्पाला ते ऐकून बरं वाटलं.

घराकडं येताना गोलकीपर मडिवाळप्पा त्याच्याबरोबर चालत होता. हा पोरगा अबोल. पायाखाली बघत तो म्हणाला, "अण्णा, रामरावमामानं गावकी सोडली तवा तुमी गावात न्हवता न्हवं?"

"न्हाई. का?"

मडिवाळप्पानं सांगितलं. नागपूरला दीक्षा झाली त्याच्या पुढच्या वर्षी चिंताकीच्या बौद्धवाड्यानंही धर्म घेतला. त्या दिवशी रामराव चावडीवर गेला होता. दवंडी द्यायची, सांगावे पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची, ही त्याच्या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची कामं. त्यानं हातातली काठी चावडीच्या पायरीवर ठेवली आणि भर पंचांत सांगितलं, आजपासून माझ्या घरातलं माणूस गावात दवंडी द्यायचं नाही. पाटलानं त्यांचं सुगीचं बलुतं तोडलं, विहीर बंद केली. वर्षभर रामरावाची बायको शोभाबाई दूरच्या ओढ्याचं पाणी आणत होती. नरसिंग तेव्हा लहान होता, आईबरोबर लहान घागर घेऊन चालायचा.

"माज्या बापानं दावल्तं मला त्यास्नी, चालताना," मडिवाळप्पा म्हणाला. "म्हून सांगितलं."

पिराप्पा वाटेतच थांबला. श्रीपतनं डबा बडवला तेव्हा गाव हसलं होतं, कारण पाटलाच्या घराला तो डबा कधीच चिकटणार नव्हता. संध्याकाळी हात धुतले की तो पुन्हा पाटलाचा पुतण्या. नरसिंगनं तोच डबा उचलला असता तर कुणाला हसूही आलं नसतं. लोकांना ते जुन्या वळणाचंच वाटलं असतं.

दिवेलागणीला तो बौद्धवाड्याच्या तोंडापर्यंत गेला. रामरावाच्या घरात दिवा लागला होता. आत जायचं, चूक झाली म्हणायचं, एवढंच काम होतं. पण त्याच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. आत्ता माघार घेतली आणि उद्या नरसिंग खेळला तर श्रीपत काय म्हणेल, बाकीचे काय म्हणतील. एकदा मऊ पडलो की उद्यापासून प्रत्येकजण आपलं रडगाणं घेऊन येईल. मॅच होऊन जाऊ दे, मग येऊ, पाया पडावं लागलं तर पडू. असं ठरवून तो माघारी फिरला. बाणूबाईनं विचारलं तेव्हा म्हणाला, "उद्या जातो." आयुष्यात त्यानं पुष्कळ चुका केल्या, पण माणसाला गिळून टाकणारी चूक बहुधा अशी एका दिवसावर ढकललेली असते.

सकाळी तो अंगणात तोंड धूत होता. डब्याचा आवाज आला. त्याला वाटलं, श्रीपतनं कुणाला तरी लावलेलं दिसतंय. मग आवाज ऐकू आला आणि त्याच्या हातातला तांब्या निसटला. ती पोराची आरोळी नव्हती. दमानं, लांब ओढून, शब्द न्‌ शब्द वेगळा करून दिलेली दवंडी होती. लहानपणी त्यानं ती शेकडो वेळा ऐकली होती.

"ऐका हो ऐका ऽऽ"

पिराप्पा ओल्या तोंडानं धावला. गुडघा साथ देईना, तरी धावला. पाटलाच्या ओट्यासमोर रामराव उभा होता. धुतलेला पांढरा सदरा, डोक्याला फेटा, डाव्या हातात घासलेटचा डबा. दारादारांत माणसं होती आणि कुणीही हसत नव्हतं. ओट्यावर उद्धवराव पाटील कडुनिंबाची काडी चावत उभे होते.

"काय रामराव," पाटील म्हणाले, "आलास व्हय परत कामावर?"

रामरावानं डब्यावर काठी मारली आणि पुढची आरोळी दिली. त्याचा आवाज मध्येच चिरकला. पिराप्पानं पुढं होऊन डबा धरला.

"मामा, ठेवा त्ये. पाया पडतो तुमच्या, ठेवा."

"सोडा हवालदार. दोन गल्ल्या राहिल्यात." रामराव शांत होता. "काल माळावर काय झालं त्ये कळलं मला. पोरगं भिंतीकडं तोंड करून पडलंय, जेवलं न्हाई. म्या शबुद दिल्ता चावडीवर, त्यो माजा शबुद. त्येच्यासाटी त्येचा खेळ कामून मोडायचा? म्या शबुद दिला, म्या मोडला. आता त्येला खेळवा."

"मी तसाच खेळवतो त्येला! दवंडी नको मला!"

"आता नको म्हून काय करता?" रामराव म्हणाला. त्यानं पिराप्पाची बोटं एकेक करून डब्यावरून सोडवली आणि पुढच्या गल्लीत वळला. गल्लीच्या तोंडाला नरसिंग उभा होता. आवाज ऐकून अंथरुणातून तसाच उठून आलेला. बाप त्याच्या अंगावरून दवंडी देत पुढं गेला. नरसिंगनं बापाकडं बघितलं, मग पाटलाच्या ओट्याकडं, मग पिराप्पाकडं. पिराप्पाला वाटलं, हा आता धावून येईल, गचांडी धरील. त्यानं धरली असती तर बरं झालं असतं. तो खाली मान घालून घरात गेला.

दुपारी माळ माणसांनी भरला. सगळ्यांच्या आधी नरसिंग आला होता. रांगेत उभा राहिला, हात मागं बांधून.

"नरश्या," पिराप्पा पुढं होऊन म्हणाला, "नरश्या, ऐक जरा..."

"कुठं उभारू, साहेब?"

आजवर तो अण्णा म्हणत होता. पिराप्पानं बूट पुढं केले. नरसिंगनं विचारलं, "घालायचे का, साहेब?" घाल म्हटल्यावर घातले. त्या दिवशी तो एखाद्या नेमून दिलेल्या गड्यासारखा खेळला. मागं ये म्हटलं की मागं आला. पास दे म्हटलं की पास दिला. दोन वर्षं पिराप्पानं घसा कोरडा करून जे सांगितलं होतं, ते सगळं त्यानं केलं, आणि त्यापलीकडं काहीही केलं नाही. माळावरच्या लोकांना कळेना, याला झालंय काय. भालकीनं एक गोल मारला. शेवटी शेवटी चेंडू नरसिंगच्या डाव्या पायात आला. समोर नुसता गोलकीपर, तोही घसरलेला. सगळा माळ उभा राहिला. नरसिंगनं मान वळवून पिराप्पाकडं बघितलं. हुकमाची वाट बघत थांबला.

"मार!" पिराप्पा ओरडला. "आरं मार लेकरा!"

तोवर भालकीच्या बॅकनं चेंडू काढून नेला होता.

चिंताकी मॅच हरली. नरसिंग समोर येऊन उभा राहिला. "अजून काय काम हाय का, साहेब?" पिराप्पानं नाही म्हणून मान हलवली. नरसिंगनं बूट काढून ठेवले.

त्याच संध्याकाळी पिराप्पा रामरावाच्या घरी गेला. शोभाबाईनं पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. रामराव भिंतीला टेकून बसला होता, घसा बसल्यानं कुजबुजत बोलत होता. पिराप्पानं त्याचे पाय धरले आणि लहान पोरासारखा रडला. रामरावानं त्याला उठवलं.

"माज्या मनात काय न्हाई, हवालदार. तुमी न्हवता गावात. पर त्येचं मी सांगू शकत न्हाई. त्यो गेला साडेसहाच्या गाडीनं, गुलबर्ग्याला, मामाकडं."

पिराप्पानं टीम पुढच्या सालापर्यंत ओढली, मग शिट्टी खुंटीला लावली. एकदा बिदरच्या बाजारात बटालियनमधला एक जुना दोस्त भेटला. जमादाराचा विषय निघाला. तो फॉरवर्ड बाहेर बसवल्याची गोष्ट पिराप्पानं पुन्हा सांगितली, तर दोस्त म्हणाला, "और रात कू? रात कू जमादार उस के साथ एक थाली में खाए, मालूम नहीं तुजे? उस की माँ बीमार थी बोलके रोया वो." पिराप्पाला हे माहीत नव्हतं. त्या गोष्टीचा निम्माच भाग उराशी धरून त्यानं इतकी वर्षं हुकूम चालवला होता.

अठ्ठ्याऐंशी साली बाणूबाईचा नवस फेडायला तो गाणगापूरला गेला होता. परत येताना गुलबर्ग्याच्या बसस्टँडवर कुणीतरी समोर येऊन उभं राहिलं. अंगानं भरलेला, चष्मा लावलेला, हातात पिशवी. नरसिंग. वीज खात्यात होता. बरोबर त्याची बायको सुभद्रा होती. त्यानं पिराप्पाला बाकड्यावर बसवलं, चहा सांगितला, बाणूबाईची चौकशी केली, शेवटी आपल्याकडं राहायला आलेला रामराव वारल्याचं सांगितलं. बोलण्यात कुठंही वाकडेपणा नव्हता. परक्या माणसाशी बोलावं तसं नीट बोलत होता.

सुभद्रानं विचारलं, "ह्यांची अन्‌ तुमची वळख कशी?"

"गावाकडचे हायत," नरसिंग म्हणाला.

पिराप्पाला राहवेना. "आगं बाई, ओळख? तुजा नवरा फुटबॉल..."

"फुटबॉल?" सुभद्रा हसायला लागली. "ह्ये व्हय? लग्नाला पंधरा वर्सं झाली, पोरं खेळाय बोलावून बोलावून दमली. चेंडूला पाय लावलेला न्हाई बगितला म्या. येतच न्हाई की त्यास्नी!"

पिराप्पाच्या तोंडाशी सगळं आलं. कमलनगरचा तो गोल, तो डावा पाय, खांद्यावर घेऊन नाचणारी माणसं. या बाईला कुणीतरी सांगायलाच हवं होतं की तिचा नवरा काय होता. त्यानं नरसिंगकडं बघितलं. नरसिंगनं चष्म्याआडून अगदी थोडी मान हलवली. नको.

पिराप्पानं कप उचलला. "न्हाई बाई," तो म्हणाला, "मी दुसऱ्याच कुणाचं सांगत हुतो." आणि चहा संपवला.